चार वाजताची तलफ

शेतावरून नुकत्याच घरी आलेल्या, शिवणयंत्रावर बसलेल्या, भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या तायांना, मावश्यांना, काकूंना आम्हा अकराजणींचा नमस्कार. आम्ही एकाच बचत गटातल्या. माईकसमोर आज आमच्यातली एकच बसली आहे, पण हे बोलणं आम्ही सगळ्यांनी मिळून तयार केलंय. म्हणून यात 'मी' नाही, 'आम्ही' आहे. कोणती गोष्ट कुणाच्या घरातली, हे विचारू नका. आम्हीही सांगणार नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीच्या घरी ज्वारीच्या पिंपात क्रीमच्या बिस्किटांचे तीन पुडे सापडले. सापडले ते सुनेला. तिला वाटलं, पोरांनी लपवले. पोरं म्हणाली, आम्ही नाही. शेवटी कळलं, लपवणाऱ्या सासूबाईच. पन्नाशीची बाई, घरची कर्ती, आणि स्वतःच्या घरात बिस्किटं चोरून खात होती.

झालं होतं असं, की महिन्याभरापूर्वी तिनं रक्त तपासलं होतं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एक तपासणी असते, एचबीएवनसी म्हणतात तिला. आकडा ५.७ च्या खाली असला तर ठीक. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. ६.५ आणि त्यापुढे म्हणजे मधुमेह. हिचा आकडा आला ६.२. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही. गोड, तळलेलं, मैद्याचं आवरा आणि रोज चाला. घरी आल्यावर मुलानं फर्मान काढलं, आजपासून आईला बिस्किट नाही, फरसाण नाही, चहात साखर नाही. मुलाचं चुकलं नाही, त्याला आईची काळजी. पण फर्मान आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी पिंपात पहिला पुडा गेला.

गटाच्या बैठकीत तिनं हे हसत हसत सांगितलं, आणि सांगता सांगता तिला रडू आलं. म्हणाली, "एवढं साधं मला जमत नाही. जिभेवर ताबा नाही माझा." मग हळूहळू एकेकीचं तोंड उघडलं. एकीच्या शिवणयंत्राच्या खणात फरसाणाची पुडी असते. एक बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर भजी खाते आणि घरी जायच्या आधी पदरानं तोंड पुसते. एक नातवाच्या वेफर्सच्या पाकिटातलं उरलेलं खाते, आणि उरावं म्हणून त्याला लवकर उठवते, हेही तिनं कबूल केलं. अकराजणींत एकही नव्हती जिला हे ठाऊक नाही.

मैत्रिणींनो, याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, तलफ. चहाची तलफ, मिश्रीची तलफ, तशी गोडाची आणि चमचमीत खाण्याची तलफ. आजवर आम्ही तिला हावरेपणा म्हणत होतो आणि स्वतःला बोल लावत होतो. या वेळी ठरवलं, बोल लावायच्या आधी ती येते कुठून ते तरी बघू.

आमच्यात एक अंगणवाडी सेविका आहे. नोंदी ठेवायची तिला सवय. ती म्हणाली, पहिले आठ दिवस काहीच सोडू नका. फक्त लिहा. काय खावंसं वाटलं, किती वाजता, त्याआधी पोटात काय गेलं होतं आणि तेव्हा तुम्ही कुठं होतात. जिला लिहिता येत नाही तिच्या नातीनं लिहिलं. आठ दिवसांनी वह्या समोर ठेवल्या, तर सगळ्यांच्या वह्या जवळजवळ सारख्या. तलफ दिवसभर नव्हतीच. तिच्या वेळा ठरलेल्या होत्या. दुपारी चार ते पाच. बाजारच्या दिवशी स्टँडवर. आणि रात्री दहानंतर, मालिका बघताना.

आधी चार वाजताचं बघू. त्याच वहीत वरच्या ओळी वाचल्या आणि आम्ही गप्पच झालो. पहाटे पाचला चहा. मग पाणी, डबे, जनावरं, पोरांची शाळा. नऊला आणखी एक चहा. अकराला रात्रीची उरलेली अर्धी भाकरी, तीही उभ्यानं. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर दोन-अडीचला आपलं ताट. तोवर भाजी संपलेली, उसळ तळाला गेलेली. मग भात आणि चटणी. अशा बाईला चार वाजता काहीतरी खावंसं वाटलं तर ती जीभ नव्हे, ते पोट बोलतंय.

नुसता भात, नुसता पाव, नुसतं बिस्किट खाल्लं की रक्तातली साखर भरभर चढते आणि थोड्या वेळानं उतरते. उतरली की पुन्हा खावंसं वाटतं. सोबत डाळ, उसळ, दाणे, अंडं, भाजी असली की पोट सावकाश रिकामं होतं आणि भूक दमानं येते. म्हणजे चार वाजताच्या बिस्किटाची तयारी आपण सकाळपासूनच करत असतो.

पण मग भूक लागली तर भाकरी का आठवत नाही, बिस्किटच का आठवतं? याचंही कारण आहे. अमेरिकेत २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वीस माणसांना सरकारी संशोधन केंद्रात ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद, आयतं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, घरच्यासारखं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या ताटात साखर, मीठ, चरबी, चोथा सारखाच ठेवला होता आणि हवं तेवढं खायची मुभा होती. आयत्या अन्नाच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ एक किलोनं वाढलं. ती खातही भराभर होती. ५०० कॅलरी म्हणजे आपल्या एका साध्या जेवणाएवढं झालं. ही माणसं काही हावरी नव्हती. ते अन्नच असं असतं, की चावावं लागत नाही, तोंडात विरघळतं आणि पोटाला कळायच्या आत पाकीट संपतं. तेव्हा पाकीट संपल्यावर स्वतःला शिव्या द्यायचं आधी बंद करा.

भुकेचं कारण कळलं. पण आमच्यातली शिवणकाम करणारी एक म्हणाली, "अगं, बिस्किट खायचं म्हणून मी चारला बसते असं नाही. बसायला मिळावं म्हणून बिस्किट खाते." आम्ही सगळ्या तिच्याकडे बघत राहिलो. खरंच होतं ते. पहाटे पाचपासून उभी असलेली बाई दिवसात एकदाच टेकते. हातात चहा, बशीत दोन बिस्किटं. ती दहा मिनिटं कुणी तिला हाक मारत नाही. नुसती बसली असती तर लगेच कुणीतरी म्हणालं असतं, बसलीच आहेस तर जरा हे कर. फर्मान निघालं आणि बिस्किटाबरोबर तिची ती दहा मिनिटंही गेली. मग ती पिंपाकडे नाही जाणार तर कुठं जाणार?

म्हणून आमचा पहिला नियम झाला, चार वाजताचं बसणं कुणी सोडायचं नाही. बशी तीच, जागा तीच, वेळ तीच. फक्त बशीत काय, तेवढं बदलायचं.

बशीत आम्ही काय काय ठेवलं ते सांगतो. मूठभर फुटाणे आणि थोडे शेंगदाणे. मोड आलेली मटकी, कच्चा कांदा, लिंबू आणि चिमूटभर तिखट घालून. उकडलेलं अंडं, वर मीठ-मिरपूड. ज्वारीच्या लाह्या किंवा चुरमुरे, त्यात शेंगदाणे, डाळं आणि बारीक चिरलेला कांदा. सकाळच्या भाकरीचा कुस्करा, ताक आणि लसणाची चटणी घालून. हिवाळ्यात हुरडा, बोरं, पेरू. पेरूला तिखटमीठ लावलं की तोंडाला तीच चटक येते. एक ध्यानात घ्या, बशीतलं सपक असेल तर हा उद्योग चार दिवसांत मोडतो. तोंडाला कुरकुरीत हवं असेल तर कुरकुरीतच द्या, आंबट हवं असेल तर आंबट द्या. तलफ चवीची असते, तिला उकडलेला दुधी दाखवून भागत नाही.

आणि ही बशी चार वाजता तयार करायची नाही. तेव्हा अंगात त्राण नसतं, हाताला लागेल ते आपण खातो. मटकी रात्री भिजत घालायची, फुटाणे सकाळीच वाटीत काढून झाकून ठेवायचे. बिस्किटाचा पुडा नुसता फोडायचा असतो, म्हणून तो जिंकतो. आपली वाटीही तेवढीच हाताशी हवी.

दुसरा नियम, सकाळी नऊच्या आत पोटात काहीतरी जायलाच हवं, आणि बसून. अर्धी भाकरी आणि वाटीभर उसळ, नाहीतर एक थालीपीठ. तिसरा नियम, दुपारी भाजी-उसळ वाढायच्या आधी आपली वाटी बाजूला काढून ठेवायची. हे आम्हाला सगळ्यात जड गेलं. लाज वाटली. सासू काय म्हणेल, नवरा काय म्हणेल. पण एकीच्या सासूनंच म्हटलं, "मला हे कुणी सांगितलं असतं तर माझे गुडघे आज बरे असते." तेव्हापासून त्या घरात दोन वाट्या बाजूला निघतात, सासूची आणि सुनेची.

आता चहाचा हिशेब. आम्ही दिवसाला पाच कप चहा पीत होतो, दर कपाला दोन चमचे साखर. म्हणजे दहा चमचे. सपाट छोटा चमचा धरला तर चार ग्रॅम, म्हणजे झाले चाळीस. जागतिक आरोग्य संघटना सांगते, वरून घातलेली साखर मोठ्या माणसानं दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या खाली आणली तर आणखी चांगलं. पंचवीस म्हणजे सहा चमचे. आमचे नुसत्या चहातच दहा जात होते, बिस्किट वेगळंच. आम्ही साखर एकदम बंद केली नाही. पहिल्या पंधरवड्यात दोनाचा दीड केला, पुढच्या पंधरवड्यात एक. महिन्याभरानं एकीनं पाहुण्यांकडे जुन्यासारखा चहा घेतला, तर तिला तो पाकासारखा लागला. जीभ शिकते, फक्त तिला घाई करायची नाही. कपही पाचाचे तीन केले. जेवणाला लागून चहा घेणं बंद केलं, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. चहा-बिस्किटानं पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगात रक्त भरत नाही.

आता स्टँडवरचा वडापाव. वडापावावर आमचा राग नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो पहिल्यांदा मिळू लागला, असं सांगतात. ज्याला जेवायला वेळ नाही आणि खिशात पैसे कमी आहेत अशा कामगाराचं ते खाणं. बाजारच्या दिवशी आपलीही तीच गत असते. सकाळी सातला निघालेली बाई दुपारी दोनला स्टँडवर पोचते, हातात दोन पिशव्या, एसटीला अजून अर्धा तास. समोर तेलात वडा पडतोय, वास येतोय. त्या वेळी 'नाही खाणार' म्हणायचं म्हणजे रिकाम्या पोटी कुस्ती खेळणं. आम्ही तिथं दोन गोष्टी केल्या. बाजारला निघताना पिशवीत एक चटणी-भाकरी घालून न्यायची आणि बाजार उरकला की मंडईतच खायची. मग स्टँडवर खावंसं वाटलं तर एक वडापाव घ्यायचा. बसून, सावकाश, सगळ्यांदेखत खायचा. घरी सांगायचं, आज वडापाव खाल्ला. पोट भरलेलं असलं की एकावर भागतं. दोन महिन्यांनी तर आमच्यातल्या तिघी म्हणाल्या, अर्धाच पुरतो, अर्धा वाटून खातो. आणि कढईतलं तेल काळं, दाट झालं असेल, फेसाळत असेल, तर त्या दिवशी ती गाडी सोडायची.

लपवलेलं खाणं नेहमी घाईघाईत होतं, आणि घाईत खाल्लेलं जास्त जातं. पोटालाही कळत नाही आणि मनालाही समाधान नाही. वर अपराधी वाटतं, आणि त्या अपराधी वाटण्यावर पुन्हा एक बिस्किट खाल्लं जातं. म्हणून आमच्या गटात एक ठरलं, खायचं ते उघड खायचं.

तिसरी वेळ रात्रीची. वह्या बघितल्या तर रात्री दहाच्या खाण्यात भूक फारशी नव्हती. जेवण होऊन तासच झालेला. तिथं होता शीण आणि समोर टीव्ही. हात आपला डब्यात जात राहतो, डोळे पडद्यावर. इथं आम्ही साधा उपाय केला. फरसाणाचा डबा टीव्हीच्या खोलीतून उचलून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवला. खायचंच असेल तर उठून, वाटीत काढून घ्यायचं, डबा मांडीवर नाही. निम्म्या वेळा उठायचाच कंटाळा येतो. शिवाय झोप. कमी झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि ओढ गोडाकडे, तळलेल्याकडे असते. रात्री बाराला निजून पहाटे पाचला उठणाऱ्या बाईची तलफ फुटाण्यांनी पुरती जाणार नाही. एक मालिका कमी केलेली बरी.

आणि तरीही कधी तलफ आलीच तर? आम्ही म्हणतो, दहा मिनिटं दे. पाणी पी, अंगणात चक्कर मार, गटातल्या कुणाला फोन कर. बहुतेक वेळा लाट ओसरते. दहा मिनिटांनीही तेवढीच ओढ असेल तर थोडं खा, आणि झालं.

आता आमच्यातल्या एकीचं किराणा दुकान आहे, तिचं ऐका. दुकानाच्या दारात पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात, पोरांच्या डोळ्यांसमोर येतील अशा. ती म्हणाली, "मी तुमच्याबरोबर शपथ घेऊ आणि तीच पाकिटं विकू का?" प्रश्न खरा होता. तिचं पोट त्याच्यावर आहे. तिनं पाकिटं बंद केली नाहीत. पण दारातली पुढची माळ बदलली. आता तिथं फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की आणि भडंगाच्या पाच-पाच रुपयांच्या पुड्या लटकतात, तिनं स्वतः भरलेल्या. वेफर्स आत, मागच्या फळीवर. मागितले तर देते. पोरं समोर दिसेल ते मागतात, एवढं तिच्या ध्यानात आलं. वेफर्सचा खप थोडा उतरला, पुड्यांचा वाढला, एकूण गल्ला फारसा हलला नाही.

तिनंच आम्हाला पाकीट वाचायला शिकवलं. मागच्या बाजूला घटकपदार्थ लिहिलेले असतात. जे वजनानं सगळ्यात जास्त ते आधी लिहायचं, असा नियमच आहे. पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पाम तेल असेल, तर पुढं 'मल्टीग्रेन' असं कितीही मोठ्या अक्षरात छापलेलं असो, तो पुडा मैदा-साखर-तेलाचाच. साखरेची दुसरी नावंही असतात, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप. आणि वजन वाचा. तिच्या दुकानातल्या पाच रुपयांच्या एका पाकिटावर १२ ग्रॅम लिहिलंय. म्हणजे किलोला चारशे रुपयांच्या वर. चारशे रुपयांत फुटाणे किती येतील, हा हिशेब तुम्हीच करा.

आमच्या चुकाही सांगतो, म्हणजे तुम्ही त्या करणार नाही. पहिली चूक, साखरेऐवजी गूळ. आम्हाला वाटलं गूळ चालतो, म्हणून चहात भरपूर गूळ, वर शेंगदाण्याचे गुळातले लाडू दिवसाला चार. गुळातही मुख्यतः साखरच असते. तो चवीपुरता ठीक, मोकाट नाही. दुसरी चूक, उपवास. आठवड्याचे दोन उपवास म्हणजे वजन उतरेल, असं वाटलं. पण दिवसभर नुसता चहा आणि रात्री ताटभर साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ सत्त्व, त्यात प्रथिन नावापुरतं. उपवास धरायचा तर वरईचा भात, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, ताक, फळ असं दोन वेळा खायचं. तिसरी चूक, सगळं एकदम सोडणं. दिवाळीत फराळाला हातच लावायचा नाही असं दोघींनी ठरवलं, आणि पाडव्याच्या रात्री अर्धा डबा चकल्या संपल्या. दुसऱ्या दिवशी त्या बैठकीला आल्या नाहीत. आम्हीच त्यांच्या घरी गेलो. एका रात्रीच्या चकल्यांनी काही बिघडत नाही. लाजेनं घरात बसल्यानं बिघडतं.

दोन गोष्टी मात्र नीट ऐका, कारण त्या तलफ वाटतात पण तलफ नसतात. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाचे हात थरथरत असतील, दरदरून घाम सुटला असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तातली साखर फार खाली गेलेली असू शकते. तेव्हा दहा मिनिटं थांबायचं नाही. लगेच साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. अशा माणसानं खाण्याच्या वेळा आपल्या मनानं बदलू नयेत. दुसरी गोष्ट, खडू, पाटीवरची पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर ती अंगात लोह कमी असल्याची खूण असू शकते. लेकीला, सुनेला त्यासाठी रागावू नका. आरोग्य उपकेंद्रात नेऊन रक्त तपासा.

घरच्यांविषयी एक शब्द. एकीचं ताट वेगळं आणि बाकीच्यांची भजी चालू, असं असेल तर कुणाचंच टिकत नाही. 'आईचं पथ्य' म्हटलं की ते आईच्याच डोक्यावर बसतं. ज्या घरी चार वाजताची बशी सगळ्यांसाठी भरली, तिथंच ती टिकली. आणि पाहुण्यांनो, तुम्हीही ऐका. 'एक घे गं, एकानं काय होतंय' असं तीनदा म्हणणं हा काही पाहुणचार नाही. एकदा विचारा. ती नको म्हणाली तर मान ठेवा.

आता तुम्ही विचाराल, एवढं करून झालं काय? खरं तेच सांगतो. पिंपात बिस्किटं लपवणाऱ्या आमच्या मैत्रिणीचा आकडा सहा महिन्यांनी ६.२ वरून ५.९ वर आला. उंबरठा अजून ओलांडून बाहेर आली नाही, पण पाय मागे घेतलाय. दुसऱ्या एकीचा आकडा एवढं करूनही वाढला, तिला गोळी सुरू झाली. ती पहिल्या दिवशी म्हणाली, माझंच काहीतरी चुकलं. आम्ही म्हटलं, तुझ्या आईला होता, आजीला होता, सगळंच बशीतल्या खाण्यानं ठरत नाही. ती गोळीही घेते आणि बशीही भरते. बाकीच्यांची वजनं कुणाची उतरली, कुणाची तेवढीच आहेत. पण दुपारची चिडचिड कमी झाली, असं अकराजणीही म्हणतात. घरची पोरंही म्हणतात.

आणि ज्वारीच्या पिंपात आता ज्वारीच आहे. बिस्किटाचा पुडा त्या घरी अजूनही येतो, रविवारी एक. तो फळीवर सगळ्यांना दिसेल असा असतो. सासू-सुना दोघी मिळून दोन-दोन बिस्किटं खातात. चार वाजता, ओट्यावर बसून.

तेव्हा मैत्रिणींनो, उद्यापासून काही सोडू नका. आज रात्री मूठभर मटकी तेवढी भिजत घाला. उद्या नाही तर परवा चार वाजेपर्यंत तिला मोड येतील. तेव्हा कामं आहेत तिथं राहू द्या, दहा मिनिटं टेका, आणि आपली बशी सगळ्यांसमोर घेऊन बसा. कुणी विचारलं तर सांगा, रेडिओवर सांगितलंय.

आम्हा अकराजणींचा नमस्कार.